मोगऱ्याचा चहा: चहात फूलच नाही, मग वास येतो कुठून?

निमपुणेकर:
यंदा गच्चीतल्या मोगऱ्याला काय झालंय कळत नाही, रोज दोन-दोन ओंजळी कळ्या निघतायत. देवाला वाहून झाल्या, गजरे झाले, माठात टाकून झाल्या, शेजारणींना वाटून झाल्या. आता डोक्यात चहाचं खूळ शिरलंय.

बाजारातलं कसं असतं ते आधी बघावं म्हणून जास्मिन टीची दोन पाकिटं आणली. महागातलं ताटात ओतून निवडलं, तर आत औषधालाही पाकळी नाही. नुसती हिरवट-काळपट पत्ती, पण डबा उघडला की खोलीभर दरवळ. स्वस्तातल्या पाकिटात सुकून पिवळी पडलेली फुलं चिक्कार, आणि वासाच्या नावाने शंख. यूट्यूबवर एक बाई कळ्या सरळ पाण्यात उकळतात. तसं उकळलेलं पाणी कडसर लागतं आणि वास जेमतेम.

तर जाणकारांनी सांगा, वास चहात शिरतो कसा? फुलं घालायची की काढायची? आणि गजरेवाल्याकडच्या कळ्या चालतील का? (दूध-साखरेचं मुद्दाम विचारत नाहीये, इथे मारामाऱ्या होतील.)

चहाबाज:
सोपं आहे. फूल नाही आणि वास आहे म्हणजे वरून एसेन्स मारलाय. ज्यात फुलं दिसतायत ते निदान प्रामाणिक तरी आहे. महागातलं परत करा.

पूर्वेकडचा:
थांबा, परत करू नका! फूल नाही म्हणूनच ते पाकीट चांगलं असायची शक्यता जास्त. (एसेन्स मारलेला चहाही मिळतो, नाही असं नाही. त्याबद्दल खाली लिहितो.)

मी कामानिमित्त फूझौला राहिलोय. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फुजियान प्रांताची राजधानी. मिन नदीच्या काठाने तिथे मोगऱ्याचे मळे आहेत. हो, आपला मोगराच. चीनच्या या चहात जाई नाही, जुई नाही. मोगरा तिकडे बाहेरून, आपल्या बाजूने गेलेला. फुलांत चहा मुरवायची रीत सोंग राजवटीपासून (साधारण हजार वर्षांपूर्वीची) आहे म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात फूझौहून हा चहा जहाजांनी जगभर जायला लागला. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथल्या मोगरा-चहाच्या शेतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. २०२२ मध्ये चीनच्या पारंपरिक चहाकला युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात ही पण आहे.

आता मुख्य मुद्दा. मोगऱ्याच्या कळीला वास नसतो. नाकाला लावून बघा, हिरवट काहीतरी येईल, मोगरा येणार नाही. वास कळीत आधीपासून भरून ठेवलेला नसतो, उमलता उमलता तयार होतो आणि रात्रभर सुटत राहतो. झाडावरून तोडलेल्या कळीचासुद्धा. सगळा चहा या एका गोष्टीवर उभा आहे. कळी उकळली तर ती मरते, मग वास तयार कोण करणार? तुम्हाला मिळतो तो पाकळीचा कडवटपणा.

म्हणून तिथे कळी जिवंत ठेवून तिला रात्रभर चहाच्या ढिगात उमलू देतात. कोरडी पत्ती वास आणि ओल दोन्ही ओढून घेते. (घरी चहाचा डबा हिंगाशेजारी ठेवून बघा, दुसऱ्या दिवशी कळेल.)

चहा वसंतातला, म्हणजे मार्च-एप्रिलचा. तो वाळवून ठेवायचा आणि मोगऱ्याची वाट बघायची, कारण सगळ्यात वासाचा मोगरा जुलै-ऑगस्टच्या काहिलीतला. तोडणी भर दुपारी. ज्या कळ्या त्याच रात्री उमलणार त्याच घ्यायच्या: टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. हिरवी झाक असेल तर ती उद्याची. पाऊस पडून गेला की त्या दिवशीच्या फुलांना भाव नाही.

संध्याकाळी कारखान्यात कळ्या पसरतात, मग ढीग घालतात, आत ऊब धरली की परत पसरतात. असं करत अंधार पडल्यावर त्या उमलायला लागतात. पाकळ्या वाघाच्या पंजासारख्या वळल्या की वेळ झाली, असं तिथले कामगार म्हणतात. मग न उमललेल्या कळ्या चाळून बाजूला काढतात आणि फुलं चहात मिसळतात. मी एकदा रात्री त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता. वरून गार, आत चांगलं कढत आणि दमट. फुलं श्वास घेत असतात, त्यामुळे ढीग चाळीस अंशांच्या वर तापतो. वेळेवर मोडून पसरला नाही तर फुलं शिजतात आणि चहा आंबूस होतो. हे मोडायचं काम रात्री अवेळी येतं आणि त्याची वेळ घड्याळावर नाही, हातावर ठरते. जुन्या कारागिराला पगार त्याचाच.

सकाळी चाळून फुलं काढून टाकतात. तोवर ती लिबलिबीत, पिवळसर झालेली असतात. चहाने ओल ओढलेली असते म्हणून तो भट्टीत वाळवतात, काही दिवस ठेवतात आणि पुन्हा ताजी फुलं. साध्या चहाला एक-दोन फेऱ्या, वरच्या दर्जाला सहा-सात, कधी नऊ. सगळ्या फेऱ्यांची फुलं मिळून चहाच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त भरतात. शेवटची फेरी थोड्याच फुलांची, तिच्यानंतर वाळवत नाहीत. तुमच्या महागाच्या डब्यातून झाकण उघडल्या उघडल्या जो दरवळ आला तो या शेवटच्या फेरीचा.

स्वस्तातल्या पाकिटात जी फुलं दिसतात ती बहुतेक हीच, काम झालेली. दिसायला टाकलेली. सिचुआनमध्ये एका प्रकारात मात्र मुद्दाम पांढऱ्या पाकळ्या ठेवतात, पेल्यात तरंगलेल्या छान दिसतात म्हणून. तिथेही वास आधीच मुरवलेला असतो, पाकळ्या नंतरच्या.

निमपुणेकर:
बापरे. हे काही तरी वेगळंच निघालं. म्हणजे फूल काढून टाकणं हीच कारागिरी! एसेन्सचा ओळखायचा कसा, ते राहिलं.

पूर्वेकडचा:
दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात. एसेन्स पहिल्या कपात सगळा उडतो, दुसऱ्यांदा तीच पत्ती भिजवली की साधा चहा. मुरवलेल्यात तिसऱ्या पाण्यालाही मोगरा असतो, फिका पण असतो. आणि पाणी उकळतं नको. ८० ते ८५ अंश, दोन-तीन मिनिटं. उकळत्या पाण्याने हिरवी पत्ती तुरट होते आणि खापर मोगऱ्यावर फुटतं.

एक गंमत सांगायची राहिली. मोगऱ्याच्या आधी पुष्कळदा पांढऱ्या सोनचाफ्याचा हलका हात देतात, वासाला बूड यावं म्हणून. तो जास्त झाला की जाणकार लगेच नाक मुरडतात.

तिखटजाळ:
थोडक्यात, चहाला रात्रभर फुलांच्या ढिगात लोळवायचं आणि सकाळी फुलांना हाकलून द्यायचं. खानदानी सरदारांचे शौक आहेत हे.

अत्तरिया:
पूर्वेकडचा, फार सुंदर लिहिलंत. यात मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं, कारण आपल्याकडे हेच तिळावर करतात. जौनपूर-गाझीपूर पट्ट्यातलं चमेलीचं तेल घ्या. पॉलिश केलेले पांढरे तीळ आणि ताजी फुलं यांचे थरावर थर द्यायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी फुलं चाळून काढायची, संध्याकाळी नवी घालायची. तीळ पुरेसे भरले की मग घाण्याला लावायचे. त्याला फुलेल म्हणतात. तेलात फुलं टाकून उकळलेलं तेल आणि फुलेल यांत जमीन-अस्मानाचा फरक.

फ्रान्समध्ये ग्रास नावाच्या अत्तरांच्या गावी हेच काचेवर चरबी पसरून करायचे. चरबीत फुलं टोचायची, दुसऱ्या दिवशी काढून नवी. गुलाब चालतो पातेल्यात तापवलेला, पण जाई आणि निशिगंध यांना ही चरबीची रीतच लागायची, कारण ही दोन्ही फुलं तोडल्यावरही वास तयार करत राहतात. आता तिकडे ते फारसं कोणी करत नाही, द्रावकाने काढतात. आणि त्यासाठीची जाई मुख्यतः भारतातून आणि इजिप्तमधून जाते. तमिळनाडूत दिंडीगुल-कोइमतूर बाजूला पहाटेपासून फुलांचे ट्रक कारखान्याच्या दारात उभे असतात.

चहाबाज:
माझा मुद्दा चुकला असेल पण एक शंका आहेच. कन्नौजला तर बेल्याचं, म्हणजे मोगऱ्याचंच, अत्तर डेगमध्ये (मोठ्या हंड्यात) पाणी घालून, खाली जाळ करूनच काढतात की. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग उकळल्यावर वास मरतो हे कसं?

अत्तरिया:
शंका बरोबर आहे. डेगमध्ये टाकतात ती कळी नसते, उमललेलं फूल असतं. जे तयार झालंय ते वाफेबरोबर नळीतून निघतं आणि भपक्यातल्या (वाफ धरायच्या भांड्यातल्या) चंदनाच्या तेलात अडकतं. झाकण मातीने लिंपलेलं असतं, वाफ कुठे जात नाही. आपल्या पातेल्यातली सगळी वाफ जाते छताला. शिवाय बेल्याचं अत्तर आणि झाडावरचं फूल यांचा वास एक नाही. अत्तरात तो जड, गोडसर होतो. मला आवडतो, पण चहात घातला तर पिववणार नाही.

मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. अगदी थोडं असतं तोवर फुलाला फूलपण येतं. जास्त झालं की डांबराच्या गोळ्या. शिळ्या गजऱ्याला दुसऱ्या दिवशी जो वास येतो ना, तो आठवा.

पालघरकर:
उशिरा येतोय, तोडणी चालू आहे.

आमची मोगऱ्याची बाग आहे, विक्रमगडच्या बाजूला. जव्हार-विक्रमगड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत बऱ्याच आदिवासी कुटुंबांनी मोगरा लावला. भातानंतर विटभट्टीवर किंवा वसईकडे मजुरीला जाणारी माणसं त्यामुळे गावात राहिली, हे मी बघितलेलं आहे. छाटणी थंडीत, त्याआधी पाण्याचा ताण द्यायचा, मग खत-पाणी सोडलं की फेब्रुवारी-मार्चपासून कळी चालू. दादरच्या फूलबाजारात सकाळी माल पोचायचा म्हणून आम्ही पहाटे बॅटरी लावून तोडतो. उमललेलं फूल बाजारात कचरा. गजऱ्याला कळीच लागते, ती गिऱ्हाइकाच्या डोक्यात उमलली पाहिजे. भाव लग्नाच्या तिथीला चढतो, तिथी सरली की पडतो.

निमपुणेकर ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण दुसरा कोणी देणार नाही. गजरेवाल्याकडच्या कळ्यांचा चहा करू नका. मोगऱ्याला कळी पोखरणारी अळी येते. ती एका कळीवर थांबत नाही, जाळी करून आख्खा घोस खाते. एक फवारणी चुकली की आठवड्याचा माल गेला. त्यामुळे फवारणी होते, आणि फवारणीनंतर थांबायला मोगऱ्याला सवड नसते, कळी रोज तोडावी लागते. डोक्यात माळायला, देवाला ठीक आहे. पोटात नको. माठातसुद्धा बाजारचा मोगरा टाकू नका.

निमपुणेकर:
दादा, खरंच आभार. माठाचं डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या कुंड्यांना कडुनिंबाच्या पेंडीशिवाय काही नाही, पण आईकडे दारावरच्या फुलवाल्याचा मोगरा माठात पडतो. आजच फोन करते.

काढेवाली:
धाग्यात फक्त मोगरा चाललाय, जाईची बाजू घ्यायला आले.

तोंड आलं की जाईचा पाला चावून थुंकायचा, हे आमच्या घरात डॉक्टरच्या आधी. आयुर्वेदात जखमेवरचं जात्यादि तेल आणि जात्यादि घृत प्रसिद्ध आहे, त्यातली 'जाती' म्हणजे जाईच. आणि घालतात तो पाला, फूल नाही. फुलाच्या वासावर सगळे भुलतात, औषध मात्र पानात.

मोगऱ्याच्या फुलांचा एक वापर नव्या पिढीला माहीत नसेल. बाळंतिणीचं दूध थांबवायचं असेल तर छातीला मोगऱ्याच्या फुलांच्या माळा बांधायच्या. दक्षिणेत ही रीत जास्त. मला ते आज्यांचं काहीतरी वाटायचं. पण १९८८ साली यावर दवाखान्यात केलेला अभ्यास प्रसिद्ध झालाय. एका गटाला दूध थांबवणारी ब्रोमोक्रिप्टिनची गोळी, दुसऱ्याला मोगऱ्याची फुलं. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) दोन्हीकडे घटलं, गोळीने जास्त घटलं, पण दूध थांबण्याच्या बाबतीत फुलं गोळीच्या जवळपास उतरली. म्हणून ज्यांचं बाळ अंगावर पीत आहे त्यांनी उशीभर गजरे घालून झोपावं की नाही, हा विचार करा. घाबरवत नाहीये, एखाद्या गजऱ्याने काही होत नाही.

आणि जास्मिन टीला 'हर्बल' म्हणून रात्री पिणाऱ्यांसाठी: तो चहाच आहे. मोगऱ्याने कॅफीन जात नाही.

अटलांटाकर:
अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक महत्त्वाचं. इथे ज्याला त्याला जास्मिन म्हणतात. आमच्या कुंपणावर पिवळी फुलं येणारी वेल आहे, कॅरोलायना जास्मिन म्हणतात, साउथ कॅरोलायनाचं ते राज्यफूल आहे. दिसायला गोड, वास गोड, आणि पाळामुळांपासून फुलांपर्यंत विषारी. मुलं फुलातला मध चोखायला जातात आणि आजारी पडतात. तिचा चहा अजिबात नाही. नर्सरीत मिळणारी स्टार जास्मिनसुद्धा जाई-मोगऱ्याच्या कुळातली नाही, देठ मोडला की चीक येतो. केप जास्मिन म्हणजे आपला अनंत. नाइट जास्मिन म्हणून रातराणी विकतात, तीही विषारी. पारिजातकालाही नाइट जास्मिन म्हणतात, म्हणजे गोंधळात गोंधळ. लेबलवरचं 'जास्मिनम संबॅक' हे नाव बघूनच घ्या, तो मोगरा.

तिखटजाळ:
आणि जास्मिन राइसमध्ये जास्मिन नाही, हे राहिलं तुमचं.

अटलांटाकर:
नाहीच मुळी! थाई तांदूळ तो, रंगावरून नाव पडलं म्हणतात. त्याचा वास आंबेमोहोर-बासमतीत असतो त्याच द्रव्याचा. आणि आंबेमोहोरात तरी आंब्याचा मोहर कुठे असतो?

फोंडेकार:
जाईचा विषय निघाला आणि म्हार्दोळ आलं नाही, असं कसं चालेल? फोंडा महालात म्हार्दोळच्या महालसेच्या देवळात ऑगस्टच्या सुमारास 'जायांची पूजा' होते. गर्भकूड, खांब, सगळं जायांनी मढवतात. गोवाभरच्या बायका देवीला जायो घेऊन येतात. म्हार्दोळची जाय वेगळीच, देठाला लालसर छटा असते आणि वास दुसरीकडच्या जाईला नाही. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला केळीच्या पानात बांधलेल्या फाती (गजरे) घेऊन बायका बसलेल्या असतात. चहात घालायचं आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. देवीच्या आणि बायलांच्या वाट्याचं फूल चहात कसं घालणार?

पूर्वेकडचा:
फोंडेकार, अगदी. चीनमध्येही कळ्यांच्या माळा विकतात, पण मोठा धंदा चहाचा. आता तर फूझौपेक्षा कितीतरी जास्त मोगरा दक्षिणेकडच्या गुआंगशीतल्या हेंगझौला होतो (हांगझौ नव्हे, ते वेगळं). दुपारनंतर तिथल्या मोगरा बाजारात प्लास्टिकच्या जाळीच्या पिशव्या भरभरून कळ्या येतात. आणि पिणारे कोण, तर उत्तरेकडचे. बीजिंगचं पाणी जड, त्यात नाजूक हिरवा चहा लागतच नाही, म्हणून वासाचा चहा रुळला असं तिथले लोक सांगतात. १८८७ पासूनचं वू युताई दुकान आहे तिथे. आता तिथे मोगरा-चहाचं आइस्क्रीमही मिळतं, आणि रांग त्यालाच. पूर्वी गरीब माणूस दुकानात तळाला उरलेला चुरा घ्यायचा. भारी चहाचाच चुरा, वास तोच, दाम कमी.

सासुरवाशीण_ऑनलाइन:
सगळं वाचून आता माझाही धीर सुटला. दूध चालतं का हो?

चहाबाज:
नाही!!!

जकार्ताहून:
चालतं की नाही ते चीनवाले ठरवोत, मी जावाची गोष्ट सांगते. इथे मोगऱ्याचा चहा म्हणजे सणाचा नाही, रोजचा. मध्य जावात तेगल-स्लावी बाजूला मातीच्या छोट्या किटलीत करतात, मातीच्याच कपात ओततात. कपात आधी खडीसाखरेचा खडा. आणि ढवळायचं नाही. पहिला घोट कडू, मग जसजसा खडा विरघळेल तसा गोड. गडद, गरम, तुरट, गोड आणि सुवासिक असा पाच गुणांचा चहा लागतो यांना. दूध नाही, पण साखरेबद्दल इथे कोणालाही लाज नाही. ज्या पुणेकरांना साखर घालायची आहे त्यांनी जावाचं नाव सांगावं.

शेजारी थायलंडला पाण्यालाच मोगरा देतात. उकळून गार केलेलं पाणी, संध्याकाळी त्यावर अर्धवट उमललेली फुलं हलक्या हाताने ठेवायची, देठ पाण्याकडे, पाकळ्या वर, भांडं झाकायचं, सकाळी फुलं काढायची. पाकळी बुडली तर पाणी कडू होतं. त्या पाण्याचा पाक करून गोड पदार्थांत घालतात, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यात बर्फ आणि भात, खाव चे म्हणतात त्याला. निमपुणेकर, माठाचं असं करून बघा. माठात फुलं टाकणं वेगळं, पाण्यावर ठेवणं वेगळं.

निमपुणेकर:
माठाची युक्ती केली. पाण्यात फुलं बुडवल्यावर जी किंचित कडसर चव यायची ती गेली आणि वास दुप्पट. पण मोठ्या तोंडाच्या पातेल्यातच जमतं, माठाच्या तोंडातून फुलं अलगद ठेवता येत नाहीत.

चहाचं लिहिते. दार्जिलिंगची हिरवी पत्ती घेतली, १०० ग्रॅम. कळ्या दुपारी चारला तोडून सुपात पसरल्या. साडेसातपर्यंत काही नाही, मी स्वयंपाकाला लागले, आणि नऊच्या आत सूप ठेवलेल्या खोलीचा नूर बदलला. स्टीलच्या मोठ्या डब्यात पत्तीचा थर, फुलांचा थर, वरून मलमल. रात्री एकदा उलथून पाहिलं. डब्याच्या कडेला बोट लावलं तर ओल होती, उष्णता मात्र काही नाही. सकाळी चाळताना घोटाळा होतो तो असा, की ओल्या पाकळ्यांना पत्तीचे बारीक तुकडे चिकटून बसतात. सगळ्या पाकळ्या बोटांनी निवडायला लागल्या.

वास आला आहे. महागाच्या पाकिटाएवढा नाही. वाळवल्यावर थोडा कमीच झाला. पुण्यात हवा कोरडी, म्हणून पत्ती पंख्याखाली पसरूनही कुरकुरीत झाली, ओव्हन लावला नाही. आता पुढची फेरी कधी? आणि उष्णता आली नाही म्हणजे काही चुकतंय का?

पूर्वेकडचा:
चुकत नाही. ढीग शेकडो किलोंचा असतो म्हणून तापतो, १०० ग्रॅमचा डबा काय तापणार. तेवढं चालतं, फक्त डबा गार फरशीवर ठेवू नका. रात्री एसी असलेल्या खोलीत तर नकोच, फुलं उमलायचीच थांबतात.

पंख्याखालचं वाळवणं पहिल्या फेरीला ठीक. पण आत ओल राहिली तर आठ दिवसांत बुरशीचा वास येईल. बोटात पत्ती चुरून बघा, भुगा झाला पाहिजे, नुसती मोडून चालत नाही. नाही झाला तर ओव्हन ९० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं, दार किंचित उघडं. तवा नको, तव्यावर खालची पत्ती करपते आणि तो वास मोगऱ्याला खाऊन टाकतो. मग डब्यात बंद करून तीन-चार दिवस ठेवा आणि पुन्हा. तीन फेऱ्या करा, तिसऱ्या फेरीला फुलं निम्मी आणि नंतर ओव्हन नाही. पत्ती चिकटते त्यावर उपाय म्हणजे आधी चाळून चुरा बाजूला काढणे. आणि सीटीसी पावडर (आपला नेहमीचा दाणेदार चहा) कोणी घेणार असेल तर घेऊ नका, ती पाकळ्यांना इतकी बसते की सकाळी चाळायला काही उरत नाही.

कोणता मोगरा आहे तुमचा? गुलाबासारखा गच्च पाकळ्यांचा बटमोगरा असेल तर तो नीट उमलत नाही, आतल्या पाकळ्या मिटलेल्याच राहतात. फूझौची जुनी जात एकेरी पाकळ्यांची होती, वासाला अव्वल पण उत्पन्न कमी आणि रोगाला नाजूक. म्हणून आता सगळीकडे दुहेरी पाकळ्यांची लावतात. जुने लोक त्यावरून कुरकुरतात.

निमपुणेकर:
एका कुंडीत वेली मोगरा, एकेरीच म्हणायचा. दुसऱ्यात बटमोगरा. दोन्ही एकत्र घातले होते! सकाळी निवडताना बटमोगऱ्याची फुलं जड आणि टणक लागत होती खरी. आता वेलीचाच घेते. पण एका कुंडीच्या कळ्यांत १०० ग्रॅमचं कसं भागणार?

पालघरकर:
ताई, पत्ती ३० ग्रॅम घ्या, कळ्या मिळतील तेवढ्या.

आणि पूर्वेकडचा, तुम्हाला विचारतो. मेच्या शेवटी आमचा भाव कोसळतो, तेव्हा कळी झाडावर सोडून देतो, तोडायची मजुरी निघत नाही. कुंपणालगतच्या दोन ओळी मी वर्षभर बिनफवारणीच्या ठेवू शकतो, अळी लागली तर लागली. त्या वेळच्या कळीत चहा मुरवला तर चालेल का? आमच्याकडे तेव्हा हवा फार दमट असते. आणि दुपारी तोडायचं म्हणजे पहाटेच्या माणसांना दुसरी पाळी. तेवढी मजुरी सुटेल असा भाव चहाला मिळतो का?

पूर्वेकडचा:
कळीला हरकत नाही, पाऊस लागायच्या आत करा. एक पाऊस झाला की वास अर्धा. दमट हवेचं म्हणाल तर फूझौही दमटच आहे, म्हणून तर तिथे भट्टी लागते. तुम्हालाही वाळवणी-यंत्र लागेल, काजूवाल्यांकडे असतं तसलं चालेल. भावाचं मी सांगू शकत नाही, पण पहिल्या वर्षी विकायला करूच नका. दोन किलो पत्तीवर करा, दुसऱ्या पाण्याला वास टिकतो का बघा, आणि माझ्याकडे पाठवा, मी पिऊन खरं काय ते कळवीन.

निमपुणेकर:
दोन किलोतला पाव किलो माझ्या नावावर लिहा, दादा. पैसे आगाऊ.

तिखटजाळ:
माझाही पाव. दूध घालून पिणार, आधीच सांगतो.

पालघरकर:
दुधाचं घरी काय ते करा. पत्ती कुठली आणू ते आधी सांगा, दार्जिलिंग महाग पडतं.

पूर्वेकडचा:
आसामची हिरवी, सबंध पानाची. मार्च-एप्रिलमधली मिळाली तर उत्तम. ठेवताना लसूण-कांद्याच्या खोलीत ठेवू नका.